बॉल हातात नसेल तर वाट सोड: सॉफ्टबॉलमधलं ऑब्स्ट्रक्शन, पळणाऱ्या मुलींसाठी

इंदूरला चिमणबागेच्या मैदानावर सकाळची मॅच होती. आमच्या मुलीने लेफ्ट आणि सेंटरच्या मधून चांगला हिट मारला. पहिला बेस घेऊन ती वळली आणि वळता वळता फर्स्ट बेसवाल्या मुलीवर आपटली. ती मुलगी बेसच्या आतल्या कोपऱ्याला उभी राहून बॉल कुठे गेला ते बघत होती, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. अंपायरांनी डावा हात आडवा धरला. आमच्या मुलीने तो हात पाहिला, दुसरा बेस मिळाला असं समजली आणि चालायलाच लागली. दुसऱ्या बेसच्या चार पावलं अलीकडे तिला टॅग बसला, म्हणजे फिल्डरने हातातल्या बॉलने तिला स्पर्श केला. अंपायरांनी "डेड बॉल" म्हणून खेळ थांबवला. तिला आऊट दिलं नाही, पण दुसरा बेसही दिला नाही. परत पहिल्या बेसवर पाठवलं.

मैदानाच्या कडेला तिची आजी बसली होती. त्या मला म्हणाल्या, "अगं, वाटेत ती उभी होती ना? मग आमच्याच पोरीला मागे का पाठवलं?"

प्रश्न चोख होता. तो निकाल नियमाला धरून होता, आणि तो का बरोबर होता हे कळलं की ऑब्स्ट्रक्शनचा, म्हणजे पळणारीची वाट अडवण्याचा, अख्खा नियम कळतो. हा नियम हिरावलेलं परत देतो, त्याच्यावर एक पैही जास्त देत नाही. तुमचं काय हिरावलं गेलं हे अंपायरला तुमच्या पळण्यातूनच दिसतं. म्हणून हा लेख मी पळणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी लिहिते आहे. नियम फास्टपिचचे आहेत, आपल्या शाळा-कॉलेजच्या आणि जिल्ह्याच्या मॅचेस ज्यावर चालतात ते.

आधी दोन शब्द वेगळे करा

इंदूर हे सी. के. नायडूंचं शहर. इथे घराघरात क्रिकेट आधी शिकतात, आणि क्रिकेटमुळेच पहिला घोटाळा होतो. क्रिकेटमध्ये 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड' म्हणजे बॅट्समनने फिल्डरला अडवणं, त्यात बॅट्समन आऊट. सॉफ्टबॉलमध्ये बरोबर उलट. फिल्डिंग करणाऱ्या टीमने पळणारीला अडवलं तर ते ऑब्स्ट्रक्शन. बॅटिंगवाल्या टीमने फिल्डरला अडवलं तर ते इंटरफिअरन्स. पहिल्यात रनर वाचते, दुसऱ्यात बहुतेक वेळा ती आऊट होते. मैदानाबाहेरून पालक "इंटरफिअरन्स, इंटरफिअरन्स" ओरडतात तेव्हा ते नकळत आपल्याच मुलीला आऊट मागत असतात.

वाट कुणाची, हे दोन प्रश्नांवर ठरतं. वाटेत उभ्या असलेल्या फिल्डरच्या हातात बॉल आहे का? नसेल, तर बॅटवरून आलेला बॉल ती या क्षणी उचलते आहे का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल आणि तिच्यामुळे रनरचं पळणं बिघडलं, तर ऑब्स्ट्रक्शन झालं. धक्का लागायची गरज नाही. तिला टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागला, पाऊल आखडलं, वेग तोडावा लागला, एवढं पुरतं. मुद्दाम केलं की चुकून, हाही प्रश्न नाही. चिमणबागेतल्या त्या मुलीचा काही डाव नव्हता, तरी ते ऑब्स्ट्रक्शनच होतं.

उलट, जमिनीवरून आलेला बॉल उचलायला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली फिल्डर) तुमच्या वाटेत खाली वाकली असेल, तर वाट तिची. तिथे तुम्हीच वळसा घ्यायचा. तिला धडकलात तर इंटरफिअरन्स. पण तिच्या हातून बॉल निसटून आवाक्याबाहेर गेला आणि ती तशीच आडवी पडून राहिली, तर त्या क्षणापासून ती अडथळा ठरते.

मधली एक जागा जास्त वादाची असते: फिल्डर थ्रोची वाट बघते आहे, बॉल हवेत आहे. पूर्वीच्या नियमांत 'बॉल पोचण्याच्या बेतात आहे' एवढ्यावर फिल्डरला वाट अडवता यायची. पुढे नियम बदलला, बॉल प्रत्यक्ष ताब्यात हवा असं झालं. बॉल ग्लव्हमध्ये उडतो आहे, अजून पक्का धरलेला नाही, तर तो ताबा नाही. जुन्या खेळाडू अजूनही पूर्वीच्या सवयीने शिकवतात, आणि आपल्याकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ मला त्यातच दिसतं.

अंपायरचा हात काय सांगतो

अडथळा दिसला की अंपायर डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरतात, मूठ बंद, आणि "ऑब्स्ट्रक्शन" असं म्हणतात. याला 'डिलेड डेड बॉल' म्हणतात. म्हणजे चूक नोंदली, पण खेळ चालू आहे. बॉल जिवंत आहे, थ्रो होताहेत, बाकीच्या रनर पळताहेत. निर्णय खेळ संपल्यावर, किंवा अडवलेली रनर आऊट झाल्यासारखी दिसली त्या क्षणी.

ज्या मुली फोनवर बेसबॉलचे व्हिडिओ बघतात त्यांची इथे हमखास गल्लत होते. बेसबॉलमध्ये ज्या रनरवर खेळ चालू आहे तिलाच अडवलं तर बॉल लगेच डेड होतो आणि किमान एक बेस मिळतोच. सॉफ्टबॉलमध्ये असा ठरलेला बेस नाही.

म्हणून पहिली सवय एकच: हात दिसला तरी थांबायचं नाही. खरं तर हात बघायचाच नाही, तो कोचने बघायचा. तिसऱ्या बेसजवळ उभी असलेली आमची कोच त्या वेळी हिंदीतच ओरडते, "रुकना मत!", कारण आमच्या टीममध्ये निम्म्या मुली घरी मराठी बोलणाऱ्या आणि निम्म्या माळव्यातल्या, आणि घाईत सगळ्यांना तेच कळतं. शब्द कुठलाही ठरवा, पण तो मॅचच्या आधी ठरवा.

बेस किती मिळतो

अडथळा झालाच नसता तर ही मुलगी कुठवर पोचली असती? अंपायर हे मनात ठरवतात. त्या क्षणी बॉल कुठे होता, उचलणारीचा हात कसा आहे, रनर कुठे होती, किती वेगात होती, अडवल्यामुळे तिची किती पावलं गेली, हे सगळं त्यात येतं. दोन बेसमधलं अंतर १८.२९ मीटर, म्हणजे ६० फूट. एवढ्याशा अंतरात दोन पावलं गमावली तर सेफचं आऊट होतं, आणि हे चांगल्या अंपायरला पक्कं माहीत असतं.

ठरवलेल्या बेसच्या आधी ती आऊट झाली, तर डेड बॉल आणि तो बेस तिला मिळतो. तिला अडवल्यामुळे ज्या दुसऱ्या रनरचं नुकसान झालं, त्यांनाही त्यांचा बेस मिळतो. बाकीच्यांना नाही.

याच्या जोडीला दुसरं एक कवच असतं आणि ते फार कमी जणींना माहीत असतं: ज्या दोन बेसच्या मधे तुम्हाला अडवलं, त्या दोन बेसच्या मधे तुम्हाला आऊट देता येत नाही. आता आजींच्या प्रश्नाकडे वळूया. आमच्या मुलीला पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे अडवलं होतं आणि टॅगही तिथेच बसला, म्हणून आऊट नाही. पण धडक झाली तेव्हा बॉल सेंटर फिल्डरच्या हातात आलेला होता. अंपायरांच्या मते अडथळा नसता तरी ती दुसऱ्यावर पोचली नसती, म्हणून परत पहिला. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तोटा नाही, पण नफाही नाही." याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

ती जिवाच्या आकांताने पळाली असती तर निकाल बदलला असता का? कदाचित. अंतर अटीतटीचं असतं तेव्हा चालत निघालेल्या मुलीबद्दल अंपायर काय मानणार? आणि पळून ती टॅगच्या आधी पोचली असती, तर प्रश्नच उरला नसता. बेस तिचाच होता.

कवच कधी गळतं

ठरवलेल्या बेसच्या पुढे गेलात, आणि अडवलेल्या दोन बेसच्याही पुढे गेलात, की तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर आहात. पहिल्या-दुसऱ्याच्या मधे अडवलेली मुलगी दुसरा घेऊन तिसऱ्याकडे धावली आणि तिसऱ्यावर टॅग झाली, अंपायरांनी मात्र तिच्या नावे दुसराच धरला होता, तर ती आऊट. आडवा हात तिसऱ्या बेसची हमी देत नाही.

कवच असताना स्वतःची चूक केली तरी ती मोजली जाते. बेसला पाय न लावता पुढे गेलात आणि समोरच्या टीमने रीतसर अपील केलं, म्हणजे अंपायरकडे दाद मागितली, तर आऊट. हवेतला बॉल फिल्डरला लागण्याआधी बेस सोडलात आणि अपील झालं, तर आऊट. इंटरफिअरन्स केलात, तर आऊट. यातली पहिली चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. फर्स्ट बेसवाली आतल्या कोपऱ्यात उभी असते, मुलगी तिला चुकवायला बाहेरून जाते आणि बेसच चुकतो. कितीही अडवलं तरी बेसला पाय लावूनच पुढे जा, मागे यावं लागलं तरी चालेल.

आणखी एक बारकावा आहे. अडवलेल्या मुलीने तिचा ठरलेला बेस सुखरूप घेतला, मग फिल्डिंगवाल्यांनी दुसऱ्या रनरवर खेळ केला, समजा होमवर (बॅटर उभी राहते त्या प्लेटवर) थ्रो मारला, तर तिथून पुढे आधीच्या अडथळ्याचा आधार संपतो. त्यानंतर ती पुढच्या बेससाठी सुटली आणि टॅग झाली तर तो तिचा धोका.

बॅटरने मारलेला बॉल हवेतच कॅच झाला, तर पहिल्या बेसकडे पळताना तिला कुणी अडवलं होतं याने फरक पडत नाही. आऊट. तिचं हिरावलं असं काही गेलेलंच नाही.

मैदानावरच्या नेमक्या जागा

पहिल्या बेसवरचा प्रसंग सुरुवातीला आलाच. त्यात एवढं जोडते की इथे डबल बेस असतो, फेअरमध्ये (रेषेच्या आत) पांढरा आणि फाऊलमध्ये (रेषेबाहेर) नारिंगी. बेसवर खेळ चालू असेल तर बॅटर-रनरने पहिल्या खेपेला नारिंगी घ्यायचा आणि फिल्डरने पांढरा, म्हणजे धडक मुळातच टळते. बॉल आऊटफिल्डला गेला असेल आणि पहिल्यावर खेळच नसेल, तर वळताना पांढरा घेता येतो. अडथळा होतो तो याच वेळी, कारण फिल्डरला वाटतं आपलं इथे आता काम नाही, आणि ती प्रेक्षक होऊन उभी राहते.

पिकऑफला, म्हणजे बेसपासून पुढे आलेल्या रनरला पकडायला, कॅचर पहिल्यावर थ्रो मारते तेव्हा दुसरा प्रकार दिसतो. फिल्डर बेससमोर गुडघा टेकते, बॉल यायचा असतो, आणि परत झेपावणाऱ्या मुलीचा हात गुडघ्याला अडतो. टॅग झाला तरी आऊट नाही, पहिला बेस तिचाच. इथे हात आत सरकवण्याची घाई करू नका, बोटं मोडतात. बेसच्या मोकळ्या कोपऱ्याकडे हात टाका. गुडघा आडवा आला तर ते अंपायरला दिसू द्या.

स्टीलला, म्हणजे हिट नसताना पुढचा बेस पळून घेताना, दुसऱ्या बेसवर हेच होतं. पिचरच्या (बॉल टाकणारीच्या) हातातून बॉल सुटल्याशिवाय सॉफ्टबॉलमध्ये बेस सोडता येत नाही, म्हणून प्रत्येक स्टील अर्ध्या पावलाचा खेळ असतो. शॉर्टस्टॉप बॉलच्या आधी बेस झाकते. तुम्ही स्लाइड केलीत, म्हणजे घसरत बेसला गेलात, पाय तिच्या बुटाला अडला, टॅग झाला. आऊट नक्कीच नाही, पण दुसरा बेस मिळेल की पहिल्यावर परत जावं लागेल हे अंपायर ठरवणार. स्लाइड वेळेवर आणि सरळ बेसच्या दिशेने झाली असेल, तर अडथळ्यानेच पाय थांबला हे उघड दिसतं. बेसच्या फार आधी स्लाइड केलीत तर अंपायर म्हणतील, ही तशीही पोचत नव्हती.

रनडाऊनमध्ये, दोन बेसच्या मधे सापडलात तेव्हा, ज्या फिल्डरने बॉल फेकून दिला आणि वाटेतून हटली नाही तिच्यावर लक्ष ठेवा. नियम माहीत असलेली रनर अशा वेळी दिशा बदलताना तिच्या अंगावरून नाही, तिच्या बाजूने पळायचा प्रयत्न करते आणि अडकते, तेव्हा ऑब्स्ट्रक्शन स्वच्छ दिसतं. मुद्दाम जाऊन धडक शोधणं ही मात्र वेगळी गोष्ट. ती मी शिकवत नाही, आणि अनुभवी अंपायर ती ओळखतात.

होमवर सगळ्यांचा आवाज चढतो. कॅचर बॉलशिवाय प्लेट अडवून उभी असेल तर तिचं चुकलं, यात शंका नाही. पण तिच्या हातात बॉल आला असेल आणि तुम्ही उभ्या-उभ्या तिच्यावर जाऊन आदळलात, तर तुम्ही आऊट, आणि आदळणं जोराचं आणि मुद्दाम असेल तर मॅचमधूनही बाहेर. तिसऱ्यावरून निघताना दहा पावलांवरूनच ठरवा: बॉल तिच्याकडे आहे का, प्लेटची कुठली कड मोकळी आहे. स्लाइड करा किंवा बाजूने हात लावा. धडक हा पर्यायच मनातून काढून टाका.

खोटा टॅग

बॉल नाही, येणारही नाही, तरी फिल्डर टॅग करायचं सोंग करते आणि रनर बिचकते. हे ऑब्स्ट्रक्शन आहे. रनर थांबायला हवी किंवा तिने स्लाइड करायला हवी असं नाही, सोंगामुळे तिचा वेग कमी झाला तरी पुरतं. मुलींना यात गंमत वाटते, पण घाबरून अवेळी केलेल्या स्लाइडने घोटा मुरगळतो. आमच्याकडे सरावातसुद्धा हे करायचं नाही.

कॅचरचा ग्लव्ह बॅटला लागणं हेही ऑब्स्ट्रक्शनच, पण त्याचा हिशेब निराळा आहे. बॅटिंग टीमच्या मॅनेजरला निवड मिळते: खेळात जे झालं ते घ्या, किंवा बॅटरला पहिला बेस घ्या. बॅटर पहिल्यावर पोचली आणि बाकी सगळ्या रनर एकेक बेस पुढे गेल्या, तर ते विसरायचं आणि खेळ पुढे.

आपण फिल्डिंगला असतो तेव्हा

फर्स्ट बेसवालीने, बॉल आऊटफिल्डला गेला की दोन पावलं आत, डायमंडकडे (चार बेसच्या चौकोनाकडे) सरकावं आणि तिथूनच रनरचा पाय बेसला लागतो का ते बघावं. अपीलसाठी हेच लागतं. सेकंड आणि शॉर्टने थ्रो घेताना बेसच्या कडेला उभं राहावं, बेसचा पुढचा भाग रनरला दिसला पाहिजे. आधी बॉल, मग हात खाली. कॅचरने बॉल येईपर्यंत प्लेटच्या पुढे उभं राहून रनरला प्लेट दिसू द्यावी, बॉल पक्का झाला की वळून टॅग. 'बॉल, मग वाट' हे आम्ही इतक्यांदा म्हणतो की लहान मुली ते खेळता खेळता गुणगुणतात.

सराव कसा घ्यायचा

पहिल्या बेसच्या आतल्या कोपऱ्यावर एक मुलगी उभी करा, हातात काही नाही. बाकीच्यांनी हिट मारल्यासारखं पळत यायचं, तिच्यामुळे वळसा घ्यावा लागला तरी बेसला पाय लावायचा आणि दुसऱ्याकडे पूर्ण वेगाने सुटायचं. कोचने कधी डावा हात धरायचा, कधी नाही. हात दिसला म्हणून जी मंदावेल तिने पुन्हा धावायचं. आठवडाभरात डोळा हातावरून सुटतो.

स्लाइडचा सराव पावसाळ्याच्या तोंडावर घ्या. इंदूरची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते, गुडघे सोलून निघतात, आणि जुलैमध्ये तिचा चिखल पायाला चिकटतो. मधल्या दिवसांत गवतावर ताडपत्री पसरून, पाणी शिंपडून मोकळ्या कोपऱ्याकडे जाणारी स्लाइड शिकवता येते. जमिनीवर आडवी पडून बेस शोधणारी मुलगी हातात बॉल नसलेल्या फिल्डरला घाबरत नाही.

अंपायरशी बोलायचं कसं

खेळ पूर्ण थांबल्यावर, टाइम मागून, फक्त कोचने. "सर, पहिल्यावर ऑब्स्ट्रक्शन दिसलं का? तुम्ही तिला कुठवरचं संरक्षण दिलंत?" हे दोन प्रश्न विचारा आणि गप्प राहा. "ती दुसऱ्यावर पोचलीच असती" हा अंदाजाचा वाद आहे, आणि अंदाजावर प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) होत नाही. पण "अडवलेल्या दोन बेसच्या मधेच टॅग झाला, तरी आऊट दिलंत" ही नियमाची बाब आहे. ती पुढचा पिच, म्हणजे पिचरचा पुढचा बॉल, पडायच्या आत मांडावी लागते, एकदा पिच पडला की दार बंद.

एका मॅचमध्ये आमची मुलगी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे अडवली गेली, तिथेच टॅग झाली आणि अंपायरांनी तिला आऊट दिलं. मी बाकावरून ओरडत राहिले, टाइम मागितलाच नाही, आणि पिच पडला. ती मुलगी रडली आणि मला तिच्याकडे बघवेना. तेव्हापासून मॅचच्या आधी अंपायर आणि कॅप्टन जमतात तेव्हा मी एक गोष्ट विचारूनच घेते: या स्पर्धेत कुठल्या वर्षाचं नियमपुस्तक धरलं आहे, आणि थ्रोची वाट बघणाऱ्या फिल्डरला त्यात वाट अडवता येते का. उत्तर मिळालं की ते मुलींना जसंच्या तसं सांगते, आणि मग वॉर्मअप सुरू होतो.